दूध बँकेवर वाद झाला, आता घरातल्या बाळंतिणीकडेही बघूया

जून २०२४ मध्ये कराचीत पाकिस्तानातली पहिली मानवी दूध बँक सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबली. दारुल उलूम कराचीने आधी अटींसह परवानगी दिली होती, नंतर फतवा बदलला. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांमध्ये हा विषय अधूनमधून निघतो. जायज की नाजायज, यावर लांबलचक मेसेज येतात. चर्चा व्हायलाच हवी. पण एक शिक्षिका आणि आई म्हणून मला वाटतं, यात मूळ गोष्ट बाजूलाच राहतेय.

आधी अडचण समजून घेऊ. आपल्याकडे रजाअतचं नातं रक्ताच्या नात्यासारखं मानलं जातं. बाळ जिचं दूध पितं ती त्याची दूध-आई होते, तिची मुलं त्याची भावंडं होतात आणि त्यांच्यात निकाह होत नाही. हनफी मसलकात दूध थोडं असो की जास्त, नातं जुळतं. कोकणातल्या आपल्या शाफई लोकांकडे पाच वेळा पाजण्याची अट आहे. बँकेत अनेक आयांचं दूध एकत्र होतं, कुणाचं कुणाला गेलं हे कळत नाही. म्हणूनच जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये दूध बँकांविरुद्ध निर्णय दिला. शेख युसूफ करजावींसारख्या आलिमांचं मत वेगळं होतं. यात फैसला करणारी मी कोण? ते काम उलमांचं.

पण ही बँक लागते कुणाला? दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बाळांना, आणि तेही स्वतःच्या आईचं दूध मिळत नसेल तेव्हा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये देशातली पहिली दूध बँक उभी केली, ती अशाच बाळांसाठी. आईच्या दुधाने या बाळांना जंतुसंसर्गापासून आणि आतड्याच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळतं.

आपल्या नाशिकला हे दुखणं नवीन नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात एका महिन्यात ५५ बाळं दगावल्याची बातमी देशभर गेली होती. त्यातली बरीच बाळं वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. अशी बाळं नुसत्या दुधाने वाचत नाहीत. त्यांना खाटा, यंत्रं, नर्स सगळं लागतं आणि ते सरकारकडे मागायलाच हवं. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. सख्ख्या आईचं दूध बाळाला मिळालं, तर रजाअतचा सवालच उरत नाही.

आणि इथेच आपण कमी पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली शंभरातली जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते शंभरातल्या सुमारे ४२ बाळांनाच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी आई झाली. चौथ्या दिवशी घरात ठरलं, "इसको दूध नहीं उतरता." लगेच डबा आणि बाटली आली. बाळाने बाटली धरली, छाती सोडली आणि दूध खरंच आटलं. मला भेटली तेव्हा रडत म्हणाली, "मॅडम, मुझमें ही कुछ कमी है." कमी तिच्यात नव्हती. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, हे तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा जिक्र आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच आयतीत आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये, आणि दूध सोडवायचं तर दोघांच्या रजामंदीने, मशवऱ्याने, असंही सांगितलं आहे. आपण पहिला हुकूम बाईला ऐकवतो आणि बाकीचे विसरतो.

२०१७ च्या कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. पण मालेगावात लूमच्या कामात हातभार लावणाऱ्या, घरी शिलाई करणाऱ्या बायकांना ही रजा कोण देणार? ती घरच्यांनीच द्यायची. चिल्ल्याचे चाळीस दिवस तिला खरोखर आराम मिळू द्या. रात्री बाळाला उचलून देणं, लंगोट बदलणं, मोठ्या मुलांना शाळेसाठी तयार करणं ही बापाची कामं आहेत. सासूबाईंनी घुट्टी, पाणी, मध सहा महिने दूर ठेवावं. मध तर वर्षभर नकोच, लहान बाळाला त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, आत बसवा आणि शंका विचारा. बाळ दिवसात सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. नसेल तर बाटली आणण्याआधी डॉक्टरांकडे जा. बाळ काचेत असेल तर आईने दूध काढून वाटी-चमच्याने किंवा नळीने कसं द्यायचं, हे नर्सला विचारा.

आपल्या इमाम साहेबांना एक विनंती. एखाद्या जुम्म्याला बयान या पूर्ण आयतीवर करा. बायका तर हे ऐकतच असतात, समोर बसलेल्या पुरुषांनी ऐकायची जास्त गरज आहे.