दीड वर्षाचा संसार

दमयंती हे नाव विदर्भाला नवे नाही. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव असो की अमरावतीकडचे कौंडण्यपूर, वऱ्हाडातल्या माणसाने नलराजाची कथा आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आणि सोळा सतींचे स्मरण ज्या घरांत होते, तेथे तर हे नाव प्रातःकाळचेच. निद्रिस्त पत्नीला अरण्यात टाकून गेलेल्या पतीचा शोध त्या विदर्भकन्येने घेतला, तो दूत धाडून. गावोगावच्या सभांत एकच प्रश्न विचारायचा आणि जो उत्तर देईल त्याची वार्ता आणायची. उत्तर अयोध्येहून आले, आणि नल सापडला.

विसाव्या शतकात याच नावाच्या एका मराठी स्त्रीनेही आपला प्रश्न देशोदेशी पाठविला. तिच्या पतीचे नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. भारतीय वायुदलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनमध्ये ते सुखोई-७ हे विमान चालवीत.

माहेरची दमयंती सुभेदार त्या काळी बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती होती. १९७० चा अर्जुन पुरस्कार तिला दमयंती तांबे या नावाने मिळाला. आकाशात झेपावणारा नवरा आणि कोर्टावर झेपावणारी बायको, असे हे जोडपे. दोघांच्याही घरी कौतुकाला तोटा नसणार. वैमानिकाच्या घरात मात्र कौतुकाबरोबर आणखी एक गोष्ट वस्तीला असते. तिचे नाव कोणी घेत नाही. नवरा पहाटे उड्डाणाला जातो, न्याहारीच्या वेळेपर्यंत परतायला हवा असतो, आणि उशीर झाला तरी फोन करून विचारायचे नसते. तळावरच्या बायका हे एकमेकींकडून शिकतात. दमयंतीबाईंना ते शिकायला फारसा अवधीही मिळाला नाही. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झाले. सुखोई-७ हे एका वैमानिकाचे, एकाच इंजिनाचे सोव्हिएत विमान. जमिनीलगत उडत शत्रूच्या तळावर मारा करणे हे त्याचे काम. इंधन मात्र ते अफाट खाई. म्हणून लक्ष्यावर रेंगाळण्याची चैन त्याच्या वैमानिकाला परवडत नसे, आणि खाली विमानविरोधी तोफा वाट पाहत असत. ५ डिसेंबरला शोरकोट रोड या पाकिस्तानी तळावर हल्ला करण्यासाठी तांबे गेले. त्यांचे विमान परत आले नाही.

युद्धात अशा वेळी घरच्यांना जो शब्द कळविला जातो, तो फार विचित्र आहे. ‘बेपत्ता.’ मृत म्हणावे तर देह नाही, जिवंत म्हणावे तर माणूस नाही. पण तांबे यांच्या बाबतीत या शब्दाच्या जोडीला एक बातमीही आली. त्या काळी ढाक्याहून निघणाऱ्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’च्या रविवारच्या अंकात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचे वृत्त होते, आणि त्यांत एक नाव ‘टॉम्बे’ असे छापलेले होते. मराठी आडनाव परक्या कानांनी ऐकून लिहिले तर ते असेच होणार! घरच्यांनी ते नाव तांबे असेच वाचले, आणि त्यांना दोष कोण देईल?

त्याच युद्धात आणखी एक मराठी वैमानिक असाच खाली पडला होता. दिलीप पारुळकर. तेही सुखोई-७ चेच वैमानिक, पण २६ व्या स्क्वाड्रनचे. १९६५ च्या युद्धात उजव्या बाजूस गोळी लागली असतानाही विमान सुखरूप परत आणल्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालेले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पडले, ते पकडले गेले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोचले. छावणीत भारताचे बारा वैमानिक होते. १९७२ च्या ऑगस्टमधील एका पावसाळी रात्री पारुळकर, गरेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे कोठडीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावर गाठले, तेथून जमरूद, पुढे लंडी कोतल. अफगाणिस्तानची सीमा अगदी काही मैलांवर राहिली. जवळच्या जुन्या नकाशावर लंडी खाना नावाचे स्थानक दिसत होते, म्हणून त्यांनी तेथे जाण्याच्या वाहनाची चौकशी केली. ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते. चाळीस वर्षांपूर्वी मिटलेल्या स्थानकाची वाट विचारणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. पण ते घरी आले. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून भारतीय युद्धकैदी परतले, त्यांत पारुळकर होते. पुढे ते ग्रुप कॅप्टन झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दीर्घ आयुष्य भोगून गेले.

रावळपिंडीच्या त्या बारांत विजय तांबे नव्हते. वाघा ओलांडून आलेल्यांतही नव्हते. पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते आणि तेही पुढे मायदेशी गेले. त्या एवढ्या मोठ्या देवाणघेवाणीत आपल्या बेपत्ता माणसांचा हिशेब आधी मिटवून घ्यायला हवा होता, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. आणि ते खोडून काढणे कठीण आहे.

त्यानंतर सुरू झाले ते कणाकणाने येणाऱ्या बातम्यांचे दुखणे. बांगलादेशच्या नौदलातील एका अधिकाऱ्याने तांबे कुटुंबाच्या एका नातेवाइकाला सांगितले की, लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगात आपल्याबरोबर तांबे नावाचा एक भारतीय होता. ‘टाइम’ साप्ताहिकात गजाआडच्या एका भारतीय मेजरचे छायाचित्र छापून आले होते, आणि तो मेजरही परत आलेला नव्हता. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या खटल्यावर व्हिक्टोरिया स्कोफील्ड यांनी लिहिलेल्या पुस्तकात लाहोरच्या कोट लखपत तुरुंगातील भारतीय युद्धकैद्यांचा उल्लेख आला. यातील एकही गोष्ट पुरावा म्हणून पुरी पडत नाही. पण आशा सोडून द्यावी एवढी निराधारही नाही. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत अशा चाळीस जणांची यादी ठेवली. पुढे ती संख्या ५४ झाली, ज्यांत १९६५ च्या युद्धातलेही काही होते.

कायद्याला असे अधांतर चालत नाही. सात वर्षे ज्याची वार्ता त्याच्या जवळच्यांना मिळाली नाही, त्याला मृत मानण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यातच होती. म्हणजे निवृत्तिवेतनाचा, वारसाचा, पुनर्विवाहाचा प्रश्न कागदावर सुटू शकतो. समाजही आपल्या परीने असाच निकाल देऊ पाहतो. कुंकवाचे काय करायचे हे विचारायला शेजारीपाजारी नेहमी तत्परच असतात. दमयंतीबाईंनी या दोन्ही निकालांची वाट पाहिली नाही. स्पर्धांचे बॅडमिंटन मागे पडले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात त्यांनी नोकरी धरली आणि वर्षानुवर्षे तेथील मुलामुलींना खेळाकडे वळविले. दुसरे लग्न केले नाही. एका राष्ट्रीय विजेतीचे ऐन उमेदीचे दिवस मंत्रालयांच्या पायऱ्यांवर आणि पत्रव्यवहारात गेले, ही हानी कोणत्याच यादीत नोंदलेली नाही.

१९८३ मध्ये काही मोजके नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. आपली माणसे त्यांना दिसली नाहीत. मग २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. दमयंतीबाई त्यांत होत्या. नवऱ्याला शेवटचे पाहून तेव्हा छत्तीस वर्षे होत होती. सापडला असता तर तो कदाचित स्वतःचे नावही न आठवणारा म्हातारा असता. जिची स्मृती तो बाळगून होता ती तरुणी त्यालाही ओळखू आली नसती. तरीही त्या गेल्या. नोंदवह्या उर्दूत होत्या. दाखविले ते नागरी तुरुंग; लष्करी कोठड्यांपर्यंत कोणी नेले नाही, अशी नातेवाइकांची तक्रार राहिली. आपल्याकडे असे कोणीही कैदी नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर होते आणि आजही तेच आहे. भारत सरकारच्या ५४ जणांच्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट व्ही. व्ही. तांबे हे नाव अजून आहे.