अंगण ओले असताना

जूनच्या मध्यावर आपल्याकडे शाळा आणि पाऊस ही दोन्ही बरोबरच सुरू होतात, आणि आईचा पदर सोडून ज्या बालकाने बालवाडीचा उंबरठा नुकताच ओलांडलेला असतो त्याच्या वाट्याला, खेळण्याबागडण्यासाठी म्हणून जे अंगण त्याला दाखविले होते त्या अंगणाऐवजी, बंद दार, खुंट्यांवर ओळीने निथळत असलेले रेनकोट आणि बाहेर न जाण्याचे फर्मान एवढेच येते. गेल्या आषाढात नातीला पोहोचविण्याचे काम माझ्याकडे होते. तीन आठवडे मी पाहत होतो. मुले एकदाही अंगणात उतरली नाहीत. शेवटी बाईंना विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तीस मुलांना रेनकोट घालायचे कोणी आणि परत काढायचे कोणी? तेवढ्यात घरी जायची वेळ होते."

या उत्तरात आळस नव्हता, हिशेब होता. एका मुलाला दोन मिनिटे धरली तरी तीस मुलांना एक तास लागतो, आणि तिसाव्या मुलाच्या गुंड्या लागेतो पहिले मूल आतल्या आत घामाने भिजून रडकुंडीला आलेले असते. तेव्हा पावसातील खेळाच्या आड जे येते ते आभाळ नव्हे. कापड, त्याचे माप आणि मोठ्या माणसाचा वेळ या तीन गोष्टी आड येतात, आणि त्या तिन्हींची तजवीज आपल्या हातची आहे, असे माझे मत त्या दिवसापासून झाले आहे.

'अंगणवाडी' हा शब्द आज आपण एखाद्या सरकारी खात्याच्या नावासारखा उच्चारतो. परंतु ज्यांच्या कार्यातून तो रूढ झाला त्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, जे काम केले त्याचे मर्म हेच होते की गरिबाचे मूल शाळेच्या इमारतीपर्यंत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या वस्तीवर, त्याच्या अंगणात जाऊन बसावे. तो मुलूख कोकणपट्टीचा, पाऊस कोसळणारा. पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ज्या संस्थेच्या नावातील पहिले पद अंगण आहे, तिच्या मुलांना वर्षातील चार महिने तेच वर्ज्य व्हावे, याचे मला मनापासून दुःख होते. कारण पागोळीखाली ओंजळ धरणे, ओल्या मातीत पायाचा ठसा उमटविणे, गांडुळाच्या मागे उकिडवे बसून सरकणे, हे पाठ वर्षाच्या इतर आठ महिन्यांत कोणालाही देता येत नाहीत.

भिजले की सर्दी होते, हा आपल्या घरोघरचा सिद्धांत आहे आणि त्यामागे माया आहे, म्हणून त्याची हेटाळणी मी करणार नाही; पण सर्दी होते ती विषाणूंनी, आणि ते विषाणू खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत एकमेकांना चिकटून बसलेल्या मुलांमध्ये अधिक सुखाने फिरतात. भय धरावयाचे ते ओलेपणाचे नव्हे, ओल्या अंगाने बराच वेळ राहून येणाऱ्या गारठ्याचे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, त्यामुळे त्याच्या अंगातील उष्णता मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते. आणि जे मूल कृश आहे, ज्याच्या अंगावर चरबीचा थर नाही, त्याच्या बाबतीत तर विशेषच. म्हणून पोषाखाचा विचार करताना, पाणी आत येऊ न देणे याहूनही, खेळ संपताच ओले कापड अंगावरून उतरते की नाही, ही बाब मोठी आहे.

आता त्या रेनकोटाकडे वळू. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याचा शिरस्ता आहे, आणि फ्रॉक किंवा सदरा यांच्या बाबतीत तो काटकसरीचा म्हणून योग्यही आहे. पण दोन वर्षांनी बसेल असा रेनकोट चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर चढविला की तो घोट्यापर्यंत लोंबतो, पायात अडकतो, त्याच्या बाह्यांत बोटे हरवतात, आणि टोपी कपाळावर उतरून बाजूचे दिसेनासे होते. टोपीच्या गळ्याशी ओढून बांधावयाची नाडी असेल तर ती घसरगुंडीच्या कठड्यात किंवा झोक्याच्या साखळीत अडकून गळ्यास फास बसण्याचे भय असते, म्हणून ती काढून तेथे टिचबटण लावून घ्यावे. याहून मोठा दोष हवामानाचा आहे. कोकणात जुलैच्या भर पावसातही हवा उबदार आणि दमट असते. अशा हवेत सर्वांग झाकणारे प्लास्टिक घालून धावणारे मूल बाहेरून कोरडे आणि आतून ओलेचिंब होते. स्वीडनमधील बालवाड्यांत खांद्यावर पट्टे असलेल्या रबरी विजारी मुलांना घालतात, विजारीची कड बुटाच्या बाहेरून सोडतात म्हणजे पाणी बुटात उतरत नाही, आणि ओले कपडे वाळविण्यासाठी उष्ण हवेचे कपाटच ठेवलेले असते. त्यांच्या गारठ्यात ती योजना शहाणपणाची आहे. विजार उचलून आणण्याऐवजी ते कपाट ज्या विचारातून निघाले तो विचार आपण उचलावा.

पोषाखासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भाताच्या लावणीस वाकलेली कोकणातील बाई बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे जे इरले डोक्यापाठीवर घेते, किंवा माळावरचा मेंढपाळ घोंगडीची जी खोळ करतो, त्यात एकच तत्त्व आहे: पाणी वरच्यावर निथळावे, खाली वारा खेळता राहावा आणि हात मोकळे असावेत. तान्ह्या मुलांसाठी आपल्या आज्या शिवीत ती कुंचीही याच कुळातली. मेणकापडाची, गुडघ्याच्या वर संपणारी, बाह्या नसलेली, पुढे दोन मोठी टिचबटणे असलेली कुंची शिंप्याकडून करवून घेतली, तर तीन वर्षांचे मूल ती स्वतः डोक्यावरून घेते, स्वतः उतरवते आणि स्वतः खुंटीला अडकवते. मी नातीसाठी करवून घेतली. चौथ्या दिवशी तिने माझा हात बाजूला सारला. गुंड्या, बंद आणि बक्कल लावण्याच्या चौकटी मॉन्टेसोरीबाईंनी आपल्या साधनांत मुद्दाम ठेवल्या, आणि आपल्या बालशिक्षणातही स्वावलंबनाचे ते तत्त्व आले; त्या चौकटींचा प्रत्यक्ष उपयोग पावसाळ्याच्या दाराशी आहे. बाईंच्या त्या एका तासाचा प्रश्न येथेच पुष्कळसा सुटतो.

घाटमाथ्याची गोष्ट निराळी. महाबळेश्वर किंवा आंबोली येथे धुके आणि बोचरा वारा असतो; तेथे कुंचीखाली लोकरीचा सदरा हवा, कारण लोकर ओली झाली तरी सगळी ऊब टाकीत नाही, सुती कापड मात्र ओले होऊन अंगाला चिकटते आणि गारठा वाढविते.

पायांचे सांगावयाचे तर, गमबुटाचा मोह आवरावा. इंग्रजीत ज्याच्या नावाने हा बूट ओळखला जातो तो वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. रबरी बूट त्याच्या देशाच्या थंड चिखलाला साजतो. आपल्या पावसात तो वरून भरतो, पाणी आत साचून राहते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाणी वाहून जाईल अशी, मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल बरी. गमबूट असलाच तर पाय घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकण्याची सवय मुलास लावावी. पावसाळ्यात विंचू कोरडी जागा शोधतो.

विजा चमकत असतील तर कोणीही बाहेर जाऊ नये. गटाराचे किंवा पुराचे तुंबलेले पाणी पूर्णपणे निषिद्ध, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून, पायावरच्या लहानशा खरचटण्यातूनही, लेप्टोस्पायरोसिस होतो. अंगणातील स्वच्छ डबक्याची मुभा असावी, आणि परत येताच पाय साबणाने धुऊन बोटांमधून पुसावेत.

सर्वांत महत्त्वाचा जिन्नस मात्र कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड हा आहे. ज्या घरी दोनच जोड आहेत आणि श्रावण सरेतो त्यांतला एकही नीट वाळत नाही, कुबट वासाचाच अंगावर चढवावा लागतो, त्या घरच्या आईने मुलाला भिजू नको म्हणून बजावले तर तिचे काय चुकले? म्हणून हा भार घरावर न टाकता केंद्रावर घ्यावा. मुलांच्या अंगास येतील असे दहापंधरा जोड, तितकेच पंचे, पडवीत आडवी बांधलेली दांडी, आणि कपडे बदलताना सेविकेस हातभार लावणारी मदतनीस, एवढ्याने काम भागते. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून या कपड्यांना मंजुरी देण्यात अडचण ती कोणती? गावच्या सदस्यांनी हा विषय पुढच्या मासिक सभेत घ्यावा.

आणि ज्यांना परवडते त्या आईवडिलांना माझी विनंती आहे की, येत्या सोमवारी एक चड्डी, एक सदरा आणि जुना मऊ पंचा एका पिशवीत घालून, पिशवीवर मुलाला ओळखू येईल असे एखादे चित्र टाचून, ती बालवाडीच्या बाईंच्या हाती द्यावी, आणि दुपारी ती चिखलाने माखून परत आली तर बाईंकडे तक्रार नेऊ नये.