हॉकीपटूची प्रवेशपरीक्षा

पनवेलहून हॉकीची स्टिक घेऊन महाविद्यालयाच्या दारी येणाऱ्या मुलीला आपली व्यवस्था प्रमाणपत्र विचारते. तिचा खेळ कोणी पाहत नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे प्रशिक्षक शालेय सामने पाहून मुली निवडतात, शिष्यवृत्ती देतात. 1972 च्या कायद्याने त्या प्रथेला बळ दिले. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत 25 पर्यंत सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. म्हणजे बक्षीस आरंभी आणि अखेरीस. ज्या वर्षांत खेळाडू घडावयाचा, ती मात्र कोरडीच! 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. ती चर्चगेटला आहे. तेथवरचा रोजचा लोकलप्रवास हीच या मुलीची खरी प्रवेशपरीक्षा. महाविद्यालयांनी चाचणी-सामना पाहून प्रवेश द्यावा, प्रवासभाडे सोसावे. क्रीडासंमेलनांच्या मंडपांहून हा खर्च अधिक खासच नसेल.