कपाटात पडून असलेली कार्डे

साताऱ्याच्या सदर बाजारातून एका भगिनीने आणि सांगलीच्या खणभागातून एका भाईंनी जवळजवळ एकच प्रश्न आमच्याकडे पाठवला आहे. घरात तीन-चार क्रेडिट कार्डे आहेत, वापर एकाचाच. बाकीची ठेवावीत की बंद करावीत? भगिनींना कोणीतरी सांगितले आहे की कार्ड बंद केले की सिबिल पडतो, आणि त्यांच्या मुलाला लवकरच घरासाठी कर्ज लागणार आहे. शिवाय त्यांच्याकडच्या कार्डांपैकी एक मरहूम शौहरांच्या नावाचे आहे. भाईंची अडचण निराळी. कधीही न वापरलेल्या कार्डाचे बिल आले, 'आपण काही घेतलेच नाही' म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले, आणि आता वसुलीचे फोन येत आहेत.

आधी सिबिलचे बघू, कारण भीती तिथेच आहे. आपल्या दोन्ही शहरांना एके काळी स्वतःच्या बँका होत्या. सांगली बँक १९१६ सालची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ सालची. पहिली २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, दुसरी त्याआधी २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. त्या काळी मॅनेजर घराणे ओळखायचा, दुकान पाहायचा आणि कर्ज द्यायचे की नाही ते ठरवायचा. आता ते काम ३०० ते ९०० यांमधला एक आकडा करतो. हा आकडा काढणाऱ्या संस्था देशात चार आहेत, सिबिल त्यांतली एक. पण आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो.

त्या आकड्यात सर्वांत मोठा वाटा वेळेवर परतफेडीचा. त्यानंतर, मिळालेल्या मर्यादेपैकी आपण किती वापरतो याचा. समजा तीन कार्डांची मर्यादा ५० हजार, ३० हजार आणि १ लाख २० हजार, म्हणजे एकूण २ लाख आहे आणि महिन्याला खर्च ४० हजार होतो. वापर झाला २० टक्के. आता मोठे कार्ड पडूनच आहे म्हणून ते बंद केले, तर मर्यादा उरली ८० हजार आणि तोच ४० हजारांचा खर्च एकदम ५० टक्के दिसू लागला. खर्च वाढला नाही, तरी कागदावर हा माणूस कर्जावर जगतो असे चित्र उभे राहते. ३० टक्क्यांच्या आत राहावे असे सांगतात ते यासाठीच. म्हणून भगिनींना आमचे सांगणे असे, की मुलाचे स्वतःचे जास्त मर्यादेचे किंवा सर्वांत जुने कार्ड कर्जाचा अर्ज करण्याच्या तोंडावर बंद करू नये. पण आईच्या नावावरचे कार्ड आईच्याच नोंदीत असते. त्या कर्जात सहअर्जदार नसतील, तर त्यांनी आपले कार्ड बंद केल्याने मुलाच्या आकड्याला काही होत नाही. हे कळले असते तर त्यांची निम्मी रात्रजागरणे वाचली असती. शिवाय कार्ड बंद केले म्हणून आजवर वेळेवर भरल्याचा इतिहास लगेच पुसला जात नाही.

आता भाईंचे बिल. कार्ड देताना 'पहिले वर्ष मोफत' सांगतात. 'आजीवन मोफत' आणि 'पहिले वर्ष मोफत' यांतला फरक मॉलमधल्या टेबलावर सही करताना कोण बघतो? दुसऱ्या वर्षी फी लागते. ४९९ रुपये फी धरली, तर १८ टक्के जीएसटीसह ५८९ रुपये. एवढ्याशा रकमेकडे दुर्लक्ष झाले की उशिराचा दंड चढतो, नंतर पुन्हा चढतो, आणि महिन्यांमागून महिने 'थकबाकीदार' अशी नोंद जाते. म्हणजे सिबिल जपायला कार्ड ठेवायचे आणि त्याच कार्डाने सिबिल घालवायचा! विटा-आटपाडीकडचे गलाईवाले केरळ-तामिळनाडूत असतात आणि बिले गावाकडच्या पत्त्यावर येतात. अशा घरांत हे जास्त घडते. मुलगा-मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करत असतील, तर तिथेही निवड झाल्यावर उमेदवाराचा कर्ज-इतिहास पाहिला जातो, हे लक्षात असू द्यावे.

'वर्षभर वापरले नाही तर कार्ड आपोआप बंद होते ना?' असे भाई विचारतात. अर्धे खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवावे आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर खाते बंद करावे. पण सर्व येणे भरलेले असेल तरच. ती ५८९ रुपयांची फी हेच येणे. त्यामुळे वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत टाळता येत नाही. अनेकजण म्हणतात, 'आम्ही मुदतीत पूर्ण रक्कम भरतो, व्याज देतच नाही.' जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या अधिवेशनात ठरवले, की करारातच व्याजाची अट असेल तर असे कार्ड घेणे जायज नाही, मुदतीत भरण्याचा इरादा असला तरीही. गरज असेल आणि मुदतीत पूर्ण भरण्याची खात्री असेल तर मुभा देणारे उलेमाही आहेत. फतवा देणे आमचे काम नाही, तो आपापल्या आलिमांना विचारावा. मात्र मुभा गरजेपोटी असेल, तर जे कार्ड वर्षभर कपाटाबाहेर आलेच नाही त्याची गरज कोणती? कपडेलत्ते, वीजबिल, रेल्वेचे तिकीट ही सारी कामे डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने, आपल्याच पैशांतून होतात. आमचा कल म्हणून स्पष्ट आहे: फी लागणारे, न वापरलेले कार्ड बंद करावे. बिनाफीचे एखादे घरकर्जाच्या निकालापर्यंत ठेवायचे असेल तर समजू शकतो.

बंद करणे अवघड नाही, फक्त घाई नको. आधी त्या कार्डावर आपोआप जाणारे मोबाईलचे, विम्याचे हप्ते दुसरीकडे वळवावेत. हप्त्यांवर घेतलेली वस्तू असेल तर ती रक्कम चुकती करावी. साठलेले पॉइंट वापरून टाकावेत. मग सर्व बाकी शून्य करून हेल्पलाइनवर, ईमेलने किंवा ॲपवरून अर्ज द्यावा आणि तक्रार क्रमांकासारखा त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. पत्र पोस्टानेच पाठवा अशी सक्ती बँक करू शकत नाही. बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद झाले नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. कार्डात आपलेच जादा पैसे उरले असतील तर तेही आपल्या खात्यात परत यायला हवेत. बंद झाल्याचे लेखी घ्यावे, आणि दोन महिन्यांनी अहवाल मागवून 'बंद' अशी नोंद दिसते का ते पाहावे. वर्षातून एकदा तो प्रत्येक संस्थेकडून फुकट मिळतो. आणि 'तुमचे कार्ड बंद करून देतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठगाचा समजावा. ओटीपी दिला गेलाच, तर क्षणभरही न थांबता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

भाईंनी फीचा वाद घालायचा असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कार्ड मागितलेच नव्हते असे असेल, तर त्यांची बाजू भक्कम आहे. विनासंमती कार्ड देऊन बिल लावले तर बँकेने ते रद्द करून त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा असतो.

राहिले मरहूमांचे कार्ड. जनाजाच्या वेळी घरचे जाहीर करतात की मय्यतचे कोणाचे देणे असेल तर आम्हाला सांगा. कार्डाची बँक त्या सफेत उभी नसते, म्हणून तिचे देणे आपणच शोधावे लागते. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतरचे सांगितले आहेत. वाटणीला बसण्यापूर्वी हा हिशेब व्हावा. भगिनींनी मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवावे, त्या तारखेपर्यंतचा हिशेब मागवावा, नंतर लावलेली फी काढून टाकायला सांगावे. शौहरांच्या कार्डावर त्यांच्या नावाचे जोडकार्ड असेल तर ते आता वापरू नये. काही कार्डांवर अपघाती मृत्यूचा विमा असतो, तोही विचारून घ्यावा. कायद्याने हे देणे मरहूमांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होते. वारसांच्या स्वतःच्या कमाईवर बँकेचा हक्क नाही. फोनवर कोणी 'मुलाचे नाव खराब होईल' अशी धमकी देत असेल, तर त्याचे नाव, वेळ आणि क्रमांक टिपून ठेवावा आणि तो कागद तक्रारीला जोडावा.