भरपाई आहे, पण सांगणार कोण?

टेंभी नाका म्हटले की ठाणेकरांना नवरात्रातील देवी आठवते, दहीहंडीचे थर आठवतात. परंतु जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून वर्षानुवर्षे माणसे या नाक्यावर आली ती केवळ सणासुदीला नव्हे. ती आली सिव्हिल हॉस्पिटलसाठी. भोसकला गेलेला, मारहाणीत डोके फुटलेला, अत्याचाराला बळी पडलेली, अशा सर्वांना पोलीस तपासणीसाठी येथे घेऊन येत. पुनर्बांधणीसाठी रुग्णालयाच्या सेवा अलीकडे अन्यत्र हलविण्यात आल्या, तरी नाक्याची ती ओळख पुसली गेलेली नाही. येथून थोड्याच अंतरावर, कोर्ट नाक्याजवळ, जिल्हा न्यायालय आहे आणि त्याच्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. हिंसक गुन्ह्यात जखमी झालेल्यांना किंवा मृतांच्या वारसांना सरकारी तिजोरीतून किती भरपाई द्यायची, हे ठरविण्याचे काम कायद्याने याच प्राधिकरणाकडे सोपविले आहे. रुग्णालयापासून प्राधिकरणापर्यंतची वाट पायी चालण्याइतकी जवळची. मात्र ती वाट जखमीला कुणी दाखवील, याची हमी कायदा सर्वांना सारखी देत नाही.

मुळात असा काही हक्क आहे, हेच अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. न्यायालयाने आरोपीला दंड केला तर त्यातून काही मिळेल, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. ती सर्वस्वी चुकीचीही नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७ चा रोख तोच होता. भरपाई द्यायची ती गुन्हेगाराच्या खिशातून, म्हणजे गुन्हेगार सापडल्यावर, दोषी ठरल्यावर आणि त्याच्या खिशात काही असल्यावर! या तीन अटींची पूर्तता होईपर्यंत जखमीने रुग्णालयाचे बिल कसे भरायचे, या प्रश्नाला त्या कलमात उत्तर नव्हते. न्यूझीलंडने १९६३ मध्ये आणि ब्रिटनने त्यापाठोपाठ १९६४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर सरकारी निधीत शोधले. नागरिकाचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची; ती पार पडली नाही तर नुकसानीचा वाटाही तिनेच उचलावा, असा तो विचार. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बलात्कारपीडितांच्या भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ असावे असे सांगितले, विधी आयोगाने १९९६ च्या १५४ व्या अहवालात संहितेत नवे कलम घालण्याची शिफारस केली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ अमलात आले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तेथे हीच तरतूद कलम ३९६ म्हणून आहे.

हे कलम शांतपणे वाचले तर त्याचा आवाका थक्क करणारा आहे. खटल्यात दिलेली भरपाई पुनर्वसनास पुरेशी नाही असे न्यायालयाला वाटले तर ते प्राधिकरणाकडे शिफारस करू शकते. आरोपी निर्दोष सुटला तरीही, पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असेल तर अशी शिफारस करता येते. आणि आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करून रक्कम ठरवायची आहे. दरम्यान तातडीच्या उपचारांसाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे किंवा दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. थोडक्यात, आरोपीचे काय झाले या प्रश्नापासून जखमीचे काय होणार हा प्रश्न कायद्याने वेगळा काढला. आपल्या फौजदारी व्यवस्थेत हा बदल लहान नव्हे.

मग घोडे अडते कोठे? ते अडते माहितीपाशी. अर्ज करायचा हे जखमीला सांगण्याचे काम नेमके कुणाचे, याचे उत्तर जखमी कोण आहे यावर अवलंबून आहे. महिलांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये जी योजना आखली आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, तिच्यात पोलिसांवर स्पष्ट बंधन आहे. ॲसिडहल्ला, बलात्कार, हुंडाबळी अशा गुन्ह्यांत एफआयआर नोंदताच त्याची प्रत प्राधिकरणाला पाठवायची. बालकांच्या बाबतीत २०२० च्या पॉक्सो नियमांनी विशेष न्यायालयाला अंतरिम भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने पैसे द्यायचे आहेत. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना याहून जुनी. ती ऑक्टोबर २०१३ पासून बलात्कार, बाललैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतील पीडितांसाठी सुरू झाली, तेव्हा मदत तीन लाखांपर्यंत होती. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या योजनेच्या अंमलबजावणीवरून राज्य सरकारला खडे बोल सुनावले. त्याच वर्षी योजना सुधारली, कमाल मर्यादा दहा लाखांवर गेली आणि निर्णयाचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडून विधी सेवा प्राधिकरणाकडे आले.

आता दुसऱ्या जखमीचा विचार करावा. डोंबिवलीच्या चाळीत पार्किंगवरून झालेल्या भांडणात ज्याच्या पोटात चाकू गेला तो रिक्षाचालक, किंवा उल्हासनगरच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून परतताना लुटारूंनी ज्याचा हात मोडला तो कामगार. हे पुरुष आहेत, प्रौढ आहेत, त्यांच्यावरील हल्ल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. मनोधैर्य योजना त्यांच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी राज्याची २०१४ ची सर्वसाधारण पीडित भरपाई योजना आहे. परंतु त्यांचा एफआयआर आपोआप प्राधिकरणाकडे पाठविण्याचे जे बंधन महिलांच्या योजनेत आहे, तसे कलम ३९६ मध्ये नाही. नव्या संहितेने पीडिताला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळविण्याचे बंधन पोलिसांवर घातले, एफआयआरची प्रत मोफत देण्याचे घातले. भरपाईच्या हक्काबद्दल एक वाक्य सांगण्याचे बंधन मात्र घालायचे राहून गेले. ब्रिटनमध्ये पीडितांच्या संहितेत भरपाईविषयी माहिती मिळणे हाच एक स्वतंत्र हक्क मानला आहे. आपल्याकडे हा हक्क ज्याला ठाऊक त्याचा.

या संदर्भात रस्ते अपघाताशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. ट्रकने उडविलेल्या माणसाच्या नातेवाइकांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे नाव रुग्णालयाच्या दारातच कळते, कारण तेथे विमा कंपनी आहे, रक्कम मोठी आहे आणि त्यामुळे वकीलही उत्सुक आहेत. चाकूला विमा नसतो. म्हणून चाकूच्या जखमीकडे कुणी वकील धावत येत नाही. वास्तविक महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि उत्पन्नमर्यादेतील गरीब यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे. पण त्या क्रमांकापर्यंत पोहोचण्यासाठीसुद्धा आधी प्रश्न पडावा लागतो.

अर्जदाराची दुसरी परीक्षा असते कागदांची. अर्जाला लागणारी कागदपत्रे तशी थोडी: एफआयआरची प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र, उपचारांची बिले, मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस वा अवलंबितांचे पुरावे, आणि बँकेचे खाते. यातील प्रत्येक कागदावर कुणीतरी घाईत लिहिलेला एखादा शब्द पुढे निर्णायक ठरतो. अपघात विभागातील डॉक्टरने दुखापत 'साधी' लिहिली की 'गंभीर', यावर गुन्ह्याचे कलम ठरते आणि भरपाईचा अंदाजही त्यावरून बांधला जातो. हाड मोडणे, दृष्टी जाणे यांबाबत वाद नसतो. परंतु तीव्र वेदनांमुळे किती दिवस नेहमीचे व्यवहार बंद राहिले, हाही गंभीर दुखापतीचा एक निकष आहे. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती, भारतीय न्याय संहितेत ती १५ दिवसांवर आली. रुग्ण पहिल्या दिवशी तपासला जातो. पंधराव्या दिवशी तो अंथरुणात आहे की कामावर, हे कागदावर आणण्यासाठी त्याने पुन्हा डॉक्टरकडे जाऊन नोंद करून घेतली पाहिजे. किती जखमींना हे कुणी सांगते?

कल्याण-डोंबिवलीकरांच्या दृष्टीने आणखी एक गुंता आहे, तो लोकलचा. दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून मोबाइल पळविणाऱ्या टोळ्या येथील प्रवाशांना नव्या नाहीत. त्या फटक्याने तोल जाऊन माणसे रुळांवर पडली आहेत, जायबंदी झाली आहेत. अशा वेळी पोलिसांतील तक्रार एवढीच वाट लोकांना दिसते. परंतु रेल्वे कायद्याच्या कलम १२३ मध्ये 'अनुचित घटना' या व्याख्येत गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत झालेला हिंसक हल्ला, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार, दहशतवादी कृत्य आणि गाडीतून अपघाताने पडणे हे सारे येते, आणि कलम १२४-अ प्रमाणे रेल्वेचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, तोही घटनेपासून एक वर्षाच्या आत. मृताजवळ तिकीट वा पास सापडला नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे एकच चाकू फलाटावर लागला तर एक कायदा, एक न्यायाधिकरण, एक मुदत. तोच स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर लागला तर सारेच निराळे. हा फरक जखमेला कळत नाही, पण अर्जदाराला कळावा लागतो.

रकमेविषयी दोन शब्द. महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेत बलात्काराच्या प्रकरणी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कार वा मृत्यूसाठी पाच ते दहा लाख अशा मर्यादा आहेत. ॲसिडहल्ल्यात घटना कळल्यापासून १५ दिवसांत एक लाख द्यायचे आहेत. एरवी मंजूर रकमेपैकी ७५ टक्के किमान तीन वर्षे मुदत ठेवीत राहतात आणि २५ टक्के हाती येतात. पैसा नातेवाइकांनी उडवू नये हा यामागील हेतू योग्यच. तथापि ज्या घराची कमावती व्यक्ती गेली त्या घराला भाडे, शाळेची फी आणि किराणा आजच द्यायचा असतो. अंतरिम मदतीची तरतूद यासाठीच आहे. ती वापरली गेली नाही तर वर्षा-दोन वर्षांनी आलेली रक्कम सावकाराचे देणे फेडण्यात जाते.

न्यायालयांनी स्वतःहून भरपाईचा विचार करावा, हे तरी आता रुळले असेल, अशी अपेक्षा कुणी करील. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोन प्रकरणांतून वेगळेच चित्र दिसते. पहिले प्रकरण २००६ मधील, शेतात पिकाची राखण करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हत्येचे. भांडणाचे निमित्त काय, तर कुत्रे भुंकले. मे २०१३ मध्ये निकाल देताना न्यायालयाने बजावले, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि त्याची कारणे नोंदविणे न्यायालयांवर बंधनकारक आहे. कनिष्ठ न्यायालय आणि उच्च न्यायालय या दोघांनाही या तरतुदीचा विसर पडल्याची नोंद त्यात होती. मात्र प्रकरण त्यासाठी माघारी पाठवायला आता फार काळ लोटला, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो विषय तेथेच सोडला. देशभरातील पीडितांना दाखला मिळाला, त्या शेतकऱ्याच्या घरी मात्र त्या निकालातून भरपाई गेली नाही.

दुसरे प्रकरण नोव्हेंबर २०२४ चे. एका अल्पवयीन पीडितेच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीला शिक्षा दिली, पण भरपाईचा आदेश दिलाच नव्हता. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने त्यावर बोट ठेवले. शारीरिक इजेच्या, विशेषतः महिला व बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा आणि हा निर्णय सर्व उच्च न्यायालयांमार्फत प्रत्येक जिल्ह्याच्या प्रधान न्यायाधीशापर्यंत पोहोचवावा, असे निर्देश त्यांनी दिले. दोन निकालांमध्ये अकरा वर्षे गेली, तक्रार तीच राहिली. शिवाय हे निर्देश उपयोगी पडतात ते खटला निकालापर्यंत पोहोचल्यावर. आरोपी न सापडलेल्या प्रकरणात न्यायाधीशच नसतो. तेथे अर्ज पीडितालाच करावा लागतो.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरजही नाही. एफआयआरची प्रत प्रत्येक पीडिताला मोफत द्यायचीच आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मराठीत, कुणाकडे, कशासाठी, किती दिवसांत अर्ज करायचा आणि प्राधिकरणाचे कार्यालय कोठे, एवढे छापायला गृह खात्याचे एक परिपत्रक पुरते. हेच चार शब्द सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात, केसपेपरच्या खिडकीवर लावता येतील. महिलांच्या प्रकरणांत जशी एफआयआरची प्रत प्राधिकरणाकडे जाते, तशी खून, खुनाचा प्रयत्न आणि गंभीर दुखापतीच्या सर्वच प्रकरणांत पाठवायला पोलिसांना मनाई करणारा कोणताही नियम नाही.