स्लाइड पुढे सरकली, वर्ग तिथेच!

लेक्चर सुरू होतं. प्रोजेक्टर लागतो, खिडक्या ओढून घेतल्या जातात, ट्यूबलाइट बंद. पहिल्या दोन-तीन स्लाइड तुम्ही नीट बघता. मग लक्षात येतं की सर जे वाचतायत तेच समोर लिहिलंय आणि जे लिहिलंय ते संध्याकाळी ग्रुपवर येणारच आहे. मागच्या बाकावरून ठरलेला आवाज येतो, ‘सर, पीपीटी टाका ना ग्रुपवर!’ त्या क्षणी लेक्चर संपलेलं असतं. तासाची पस्तीस मिनिटं उरलेली असतात, एवढंच.

पूर्वी याला सरांना नावं ठेवून मोकळं होता यायचं. आता ती सोय राहिली नाही. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, सेमिनार, प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन वाढले आणि समोर उभं राहून स्लाइड वाचणारे तुम्हीच झालात. वर्गमित्र तुमच्याशी तेच करतात जे तुम्ही सरांशी केलंत.

मुळात हे साधन वर्गासाठी जन्मलेलंच नाही. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं, तेही मॅकिंटॉशवर, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. गिऱ्हाईक होतं ऑफिसातलं. साहेबांपुढे थोडक्यात मुद्दे मांडायचे आणि होकार मिळवायचा, हे त्याचं काम. वर्गात मात्र होकार नको असतो. तिथे ‘असं कसं?’ असं कुणीतरी विचारायला हवं असतं.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. लोहारा तालुक्यातल्या माकणीला तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर पट्टा हादरला आणि हजारो माणसं गेली. या विषयावर सेमिनार द्यायचा तर बहुतेकांची स्लाइड कशी असेल? मथळा ‘भूकंपाची कारणे’. खाली तीन ठिपके : भूगर्भातील ताण, धरणाचे पाणी, कमकुवत घरे. झालं! दिसायला नीटनेटकं आणि आतून पोकळ.

कारण हे तीन मुद्दे एका रांगेत बसणारे नाहीतच. धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, ही चर्चा १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून जोरात सुरू झाली. किल्लारीनंतर माकणीच्या जलाशयाकडेही बोट दाखवलं गेलं. पण हा जलाशय कोयनेच्या मानाने कितीतरी लहान आणि उथळ. एवढ्याशा पाण्याने हे घडेल का, असा उलटा प्रश्न विचारणारेही शास्त्रज्ञ होते. म्हणजे दुसरा ठिपका हा वादाचा मुद्दा आहे. पहिल्या ठिपक्याशी त्याचं नातं आहे, कारण पाणी काही शून्यातून भूकंप घडवत नाही. आधीच साठलेल्या ताणाला ते निमित्त होऊ शकतं, एवढाच तो दावा. आणि तिसरा ठिपका तर भूकंपाचं कारणच नाही! दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यामुळे माणसं दगावली. जमीन हलली ती त्यामुळे नव्हे. ‘मुळे’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द ठिपक्यांमध्ये गळून पडतात आणि खरा विषय त्या शब्दांतच असतो.

हे फक्त कॉलेजात चालतं असं समजू नका. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी समितीने नासातल्या स्लाइडवर सगळं उरकण्याच्या सवयीवरही ताशेरे ओढले. यान अवकाशात असतानाच्या एका स्लाइडवर धोक्याची महत्त्वाची माहिती होती, पण सगळ्यात खालच्या ओळींत. मथळा मात्र दिलासा देणारा.

मग स्लाइड फेकून द्यायच्या? अजिबात नाही. तेरणेचं खोरं, खडकांचे थर, पडलेल्या माळवदाचा फोटो, हे फळ्यावर खडूने कसं दाखवणार? रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली गोष्ट साधी आहे : चित्र आणि बोलणं एकत्र आलं की समजतं, पण तेच बोलणं पडद्यावर शब्दशः लिहिलं की समजणं घटतं. डोळे वाचत बसतात, कान बंद होतात. थोडक्यात, स्लाइडवर चित्र ठेवा, वाक्यं तोंडात ठेवा.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी काय केलं ते आठवा. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, तेव्हा आपण क्यूआर कोडचंच कौतुक केलं. पण कोड ही नंतरची गोष्ट. मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी आधी धडे त्या भाषेत नेले. मग पुस्तकात कोड घातले, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ विद्यार्थ्याच्या हातात आला, हवा तेव्हा थांबवता येणारा. आधी मूल कुठे अडतंय ते बघितलं, साधन नंतर आलं. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. आधी प्रोजेक्टर येतो, उद्घाटन होतं, नारळ फुटतो आणि मग त्यावर काय दाखवायचं ते शोधलं जातं.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर भौतिकशास्त्र शिकवताना मध्येच एक प्रश्न टाकतात. प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असं नाही. प्लिकर्समध्ये विद्यार्थ्यांच्या हातात नुसती छापील कार्डं असतात आणि शिकवणाऱ्याचा एक फोन ती टिपतो. तेही नको असेल तर वहीचं पान फाडा, मोठा ‘अ’ किंवा ‘ब’ लिहा, वर धरा. लाइट गेली तरी चालतं, आणि आपल्याकडे ती जातेच.

तर पुढच्या सेमिनारला एक प्रयोग करून बघा. पहिल्या स्लाइडवर माकणीच्या धरणाचा फोटो आणि खाली एकच ओळ : ‘या पाण्यामुळे भूकंप झाला का?’ हात वर करायला लावा, फळ्यावर आकडे लिहा आणि लगेच उत्तर सांगू नका. दोन्ही बाजूंचे पुरावे दाखवून झाल्यावर पुन्हा हात मोजा. किती जणांनी मत बदललं आणि कशामुळे, हे त्यांनाच बोलू द्या. एआयला विषय दिलात तर मिनिटभरात दहा चकचकीत स्लाइड मिळतील, त्यात ते तीन ठिपकेही असतील. सास्तूरच्या एखाद्या आजीने ती पहाट कशी सांगितली, हे मात्र त्यात नसेल. त्यांची परवानगी घेऊन दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या स्लाइडला ते लावा. पडदा काळाच राहू द्या.