दीड तासाचं विमान आणि कुडव्याचा हिशोब

परवा कुडव्यातले शेजारचे काका मोबाईल घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, नागपूर ते मुंबई विमानानं दीडच तास लागते म्हणते हा!" त्यांना वडलांना घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जायचं होतं, सकाळी 10 ला.

मोबाईल खोटं नाही बोलत. पण तो नागपूरहून मोजतो. काका कुडव्यात राहतात.

मग बसलो कागद घेऊन. नागपूरहून सकाळी 7 चं विमान धरलं, तर 5 ला विमानतळावर पाहिजे. रस्ता साडेतीन तासांचा, म्हणजे घर सोडायचं रात्री दीडला! 70 वर्षांच्या पेशंटला घेऊन. साडेआठला मुंबई, तिथून परळ गाठेपर्यंत 10. झाले साडेआठ तास. त्यात हवेतला वेळ फक्त दीड. रात्रीच्या गाडीचं भाडं, पेट्रोल, टोल वेगळं. शेवटी काकांनी विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. दुपारी निघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचा. साडेनऊशे किलोमीटरच्या वर प्रवास, पण झोपून तरी जाता येते.

आता गंमत बघा. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर बिरसी विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये इंग्रजांनी बांधलेला. तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे. पोरं दिवसभर आमच्या डोक्यावर विमान शिकतात. मार्च 2022 मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं. डिसेंबर 2023 मध्ये हैदराबाद-गोंदिया-तिरुपती सुरू झालं. आनंदच झाला. पण या दोन्ही मार्गांत मुंबईही नव्हती, पुणेही नव्हतं. म्हणजे बालाजीचं दर्शन सोपं, पण आपल्याच राज्याची राजधानी लांब!

कंपनी म्हणेल, प्रवासी कुठे आहेत? साहेब, प्रवासी आहेत. ते नागपूरच्या विमानतळावर मोजले जातात, गोंदियाच्या नावानं त्यांची नोंदच होत नाही. मंत्रालयात फाईल घेऊन जाणारे, राईस मिलवाले, पुण्यात नोकरीला असलेली पोरं आणि काकांच्या वडलांसारखे पेशंट, सगळे तिथेच.

माझ्या मागण्या दोनच. बिरसीहून मुंबई-पुण्याचं विमान, आणि तेही पेशंट सकाळच्या वेळेला पोहोचेल अशा टायमिंगचं. ते होईपर्यंत नागपूरच्या विमानांच्या वेळेला जुळणारी गोंदिया ते नागपूर विमानतळ थेट एसटी. दुसरीला तर धावपट्टीही लागत नाही.

यापुढे कोणी पुढारी "गोंदिया हवाई नकाशावर आलं" म्हणाला, तर एवढंच विचारा: भाऊ, कुडव्याच्या दारातून परळच्या दारापर्यंत किती तास?

तुमच्या गावाहून किती लागतात, तेही खाली लिहा.